दान की हरण?

वृद्ध पित्याने पुत्राच्या नावे जमीन करून दिली, कागदावर अंगठा उठविला, दोघा साक्षीदारांनी सह्या केल्या, म्हणजे ते दान झाले असे व्यवहार म्हणतो. पुढे त्याच पित्यास औषधाच्या पैशासाठी सुनेपुढे हात पसरावा लागला, तर त्या दानाचे काय झाले? ते दानच राहिले, की मागाहून हरण ठरले? किंवा ते मुळातच हरण होते, आणि त्यावर दानाचे वस्त्र पांघरले होते? या प्रश्नाचा विचार वासनिकांनी करावा तसाच संन्याशांनीही करावा.

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील मोठे गाव. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने शेजारीच वारणानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, दूध संघ निघाला, आणि परिसराचे अर्थकारण पालटले. पूर्वी शेतकऱ्याची संपत्ती खळ्यावर दिसत असे. आता ती खात्यावर जमा होते. उसाचे बिल सभासदाच्या नावे निघते आणि अशा गावी पुष्कळदा सभासद हा घरातील वृद्धच असतो. त्याला अक्षर दिसत नाही, बँकेची पायरी चढवत नाही. मग खातेपुस्तक मुलाच्या कपाटात जाते. अंगठा पित्याचा आणि पैसा पुत्राचा, अशी वाटणी कोणी न ठरविता होऊन जाते. निराधार वृद्धांसाठी शासनाची श्रावणबाळ योजना आहे. 2023 पासून तिचे मासिक साहाय्य 1500 रुपये झाले. श्रावणबाळाच्या नावाने आलेला हा पैसाही जेथे मुलगाच काढून घेतो, तेथे त्या नावाची केवढी विटंबना होते!

आचारधर्मात हिंसा ही केवळ शस्त्राने होते असे मानलेले नाही. परजीवास दुःख देणे ही हिंसा. मग ते कायेने दिलेले असो, वाचेने असो वा मनाने. वृद्धाला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही. पण चार पैसे मागताना त्याची मान खाली गेली, तर दुःख झाले नाही असे कोण म्हणेल?

दान खरे होण्यास तीन गोष्टी लागतात. वस्तू देणाऱ्याची असावी, देण्याचे फळ काय होईल हे त्याला ठाऊक असावे, आणि न देण्याची मोकळीक त्याला असावी. यांपैकी तिसरी गोष्ट घरात बहुधा हरवते. 'सही केली नाहीत तर आम्ही वेगळे राहू', एवढे एक वाक्य वृद्धाला पुरते. एकटेपणाच्या भयाने दिलेली संमती ही संमतीची छाया होय. आणि प्रेमाने, पूर्ण राजीखुशीने दिले तरी पुढचे बंधन सुटत नाही. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट' नाटकातील अप्पा बेलवलकरांनी सर्वस्व मुलांना आनंदानेच दिले होते. तेथे देण्यात दोष नव्हता. घेणाऱ्यांनी देणाऱ्याला अडगळ मानले, हा दोष होता.

येथे कोणी शंका घेईल : वडिलांचे ते शेवटी मुलाचेच, चार वर्षे आधी घेतले तर चोरी कसली? समाधान असे की, उद्याचा हक्क हा आजचा हक्क नव्हे. मृत्युपत्र करणारा जिवंत व सावध असेतो ते बदलू शकतो. बक्षीसपत्र होताच वस्तू हातची जाते आणि केवळ मनात आले म्हणून ते फिरविता येत नाही. या दोहोंमधील अंतर म्हणजेच वृद्धाचे उरलेले आयुष्य होय. ते अंतर ज्याला नको झाले, त्याला पित्याचे आयुष्यच नको झाले असा अर्थ होतो.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. वीस वर्षे शेत मुलाने कसले, पाइपलाइन त्याने आणली. उताऱ्यावर मात्र नाव वडिलांचे. त्याने आपले म्हणून काही मागूच नये काय? अवश्य मागावे. पण श्रमाचा वाटा चार माणसांत, बहिणींच्या देखत, उघडपणे मागावा. उघड मागितलेला वाटा हा न्याय होतो. तोच अंधारात अंगठा घेऊन मिळविला की हरण होते.

तिसरी शंका परमार्थाच्या भाषेत येते, म्हणून ती सर्वांत घातक. 'आता वय झाले. मोह सोडा, देवाचे नाव घ्या.' शब्द खरे आहेत, पण ते बोलतो कोण हे पाहावे. वैराग्य ज्याचे त्याने करावयाचे असते. त्यागाचा उपदेश करणारा आणि त्यागलेली वस्तू उचलणारा एकच असेल, तर तो उपदेश नव्हे, सौदा होय. ही कसोटी मठांनाही लागू आहे. एखादी वृद्ध विधवा आपले शेत मठाला देऊ म्हणेल, तेव्हा महंतांनी आधी विचारावे : बाई, तुमच्या अन्नवस्त्राचे काय? त्याचे उत्तर मिळेपर्यंत ते दान स्वीकारू नये. आपल्या अंगणातील हरणास जो दान म्हणतो, त्याने दुसऱ्याच्या पुत्रास दोष देऊ नये.

राजसत्तेनेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. 2007 च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण दरमहा 10000 रुपयांपर्यंत निर्वाह ठरवू शकते. त्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन पुढे सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. आणि 2025 च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावावा असे म्हणत तिचे बक्षीसपत्र रद्द ठरविले. लातूर जिल्हा परिषदेने 2020 साली, आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून 30 टक्के रक्कम कापण्याचा ठराव केला.

परंतु प्रांताच्या दारी किती वृद्ध जातात? प्रतिवादी आपल्याच पोटचा असतो. त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे आपले सारे आयुष्य फसले अशी साक्ष देणे. त्यापेक्षा उपाशी राहणे माता पत्करते. म्हणून कायदा शेवटचा आधार झाला तरी पहिला आधार होऊ शकत नाही. पहिला आधार सावधपणाचा. वृद्धांनी जिवंतपणी मृत्युपत्रावर थांबावे. द्यावयाचेच झाले तर सांभाळाची अट कागदात लिहवून घ्यावी. खातेपुस्तक आपल्या उशाशी ठेवावे. असे करणे म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे. त्याला मोहापासून वाचविणे होय.

आणि पुत्राने एवढेच स्वतःस विचारावे : आज वडिलांनी 'नाही' म्हटले, तर उद्याही त्यांचे ताट तेवढ्याच आदराने वाढले जाईल काय? उत्तर 'होय' असेल तर जे मिळेल ते दान आहे. मन क्षणभर घुटमळले, तर घेतलेला हात तेथेच मागे घ्यावा. इत्यलम्.