पायगुण आणि पुरावा

आमच्या आळीत एका घरी दोन मुले एकाच आजाराने गेली. दोन्ही खेपेला शेजारीपाजारी हळहळले; आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "सुनेचा पायगुणच तसा!" दोन मृत्यू, आणि निकाल तयार. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे : कुणावर दोष ठेवण्यापूर्वी माणसाने किती पुरावा मागावा?

विज्ञानाने या बाबतीत मला लाजवले. काही आनुवंशिक रोग असे असतात की, सदोष जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडते. आईबाप स्वतः ठणठणीत; पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका. डॉक्टर म्हणाले, हा आजार त्यांतलाच. म्हणजे एकट्या सुनेला बोल लावणारी जीभ मुळातच चुकलेली!

असा जनुक कुठे दडला आहे हे शोधताना शास्त्रज्ञ पाहतात की, गुणसूत्रावरची एखादी ओळखीची खूण त्याच्या जोडीने मुलांत उतरते काय. एकदा जोडी जमली, तर तो नाणेफेकीतला छापही असेल. लागोपाठ दहा वेळा जमली, तर निव्वळ योगायोगाने तसे घडण्याचा संभव १०२४ त एक. १९५५ साली न्यूटन मॉर्टन यांनी हजारास एक अशीच कसोटी घातली. एका घरात एवढी मुले कुठली? म्हणून अनेक कुटुंबांचा पुरावा एकत्र जोडतात. सिस्टिक फायब्रोसिसचा जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८५ साली असेच कळले; १९८९ साली तो हाती लागला. आणि एवढी कसोटी उतरूनही थोडी शंका शिल्लक ठेवायची, हा तिथला रिवाज!

कुणी म्हणेल, संसार म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. खरे आहे. भाजी घेताना हजारास एक पुरावा कोण मागतो? पण भाजी नासली तर चार आणे जातात. शब्द चुकला तर माणूस जातो. एका निर्जीव खुणेवर ठपका ठेवताना जे इतके कचरतात, त्यांच्यापुढे आपण जिवंत बाईवर दोन प्रसंगांत शिक्का मारतो.

मी शिक्षक, तरी त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो. यंदा दिवाळीच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे त्या सुनेला आमच्या घरून जाणार आहे. उशीर झाला, हे मला ठाऊक आहे.