गाडीवरचा चरा



आपल्या धर्मग्रामाच्या गाडीवर पडलेला चरा तुम्ही सर्वांनी पाहिला होता. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर बाहेर आलो, तर चालकाच्या बाजूच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब, थोडी वाकडी रेघ ओढलेली होती. खिळ्याने किंवा किल्लीने. दोन ठिकाणी इतकी खोल की आतला पत्रा दिसत होता. त्या चऱ्याविषयी मी आजवर जाहीरपणे काही बोललो नाही. आज लिहितो आहे ते संबंधित मुलाच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने. त्याचे नाव कुणी विचारू नये, आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी सांगू नये.

पहिल्यांदा गाडीचेच सांगतो, कारण चरा म्हणजे नेमके काय हे मलाही तोपर्यंत माहीत नव्हते. लातूर रस्त्यावरच्या एका पेंटरचाचांकडे गाडी नेली. त्यांनी मला उकिडवे बसायला लावले आणि म्हणाले, "फादर, नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर पॉलिशने निघंल. अडकलं तर काम वाढलं." नख अडकले. मग त्यांनी समजावून सांगितले. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. एवढे सगळे थर मिळून जाडी वहीच्या पानाइतकी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. चरा नुसता लॅकरमध्ये असला तर रबिंग कंपाउंडने घासून जातो. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र थांबायचे नाही. पावसाचे पाणी लागून गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे शेजारचा चांगला रंगही फुगून उठतो. त्यातून आपली गाडी चंदेरी. त्या रंगात धातूची बारीक चमक असते आणि तुकडा रंगवला तर उन्हात डाग दिसतो, म्हणून अख्खे दार रंगवावे लागते. अंदाज निघाला साडेआठ हजारांचा. विम्यातून मागता आले असते, पण एक दावा केला की पुढच्या हप्त्यावरची नो क्लेम सवलत जाते. हिशेब करून आपल्या पॅरिश कौन्सिलने तो नाद सोडला.

आता त्या रविवारचे. चऱ्याभोवती माणसे जमली आणि दोन मिनिटांत निकाल लागला. "हे आपल्या माणसाचं काम न्हाई," असे कुणीतरी म्हणाले. कुणी म्हणाले, चर्चची गाडी आहे म्हणून मुद्दाम केले. कुणी पोलिसांत अर्ज द्यायची भाषा केली. आवाराबाहेर वडापावचा गाडा लागतो, तिथे तीन-चार पोरे उभी असतात, ती आपल्या धर्मग्रामातली नाहीत. आपल्यापैकी काहीजण तिकडे गेले आणि त्यांना चार शब्द सुनावून आले. मी पायरीवर उभा होतो. मी त्यांना थांबवले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच संशय होता. आपण मूठभर आहोत, आणि मूठभर माणसांना प्रत्येक ओरखडा आपल्याच अंगावर काढलेला वाटतो. या भीतीला कधीकधी कारणही असते, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी कुणीही काहीही पाहिलेले नव्हते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या दाराशी आला. आपला मुलगा, धर्मशिक्षणाच्या वर्गातला. (तो पापनिवेदनासाठी आला नव्हता. तसे असते तर यातला एकही शब्द मला लिहिता आला नसता.) म्हणाला, "फादर, गाडी मी खरवडली." का, असे विचारले. "माहीत न्हाई. दोघंजण संगं होते. हसत होते." एवढेच.

हे उत्तर ऐकून मला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. संत ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे महागुरू झाल्यावर त्याने 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या एका क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च केली आहेत. आम्ही विद्यार्थी हसायचो, की एवढे मोठे आयुष्य आणि रडतो कशावर, तर नाशपातीवर. पण त्याचा प्रश्न सोपा नाही. पैशासाठी, रागाने, मत्सराने केलेले वाईट समजू शकते. ज्यातून कुणालाच काही मिळत नाही ते माणूस का करतो? त्याला सापडलेल्या उत्तरांपैकी एक असे, की एकटा असतो तर मी ते केले नसते.

आपल्याकडे पाहा. मुंबईहून गोव्याला जाणारी तेजस एक्सप्रेस मे २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्याच फेऱ्यांत प्रवाशांनी हेडफोन पळवले आणि समोरच्या टीव्ही पडद्यांवर ओरखडे काढले. हेडफोन नेणाऱ्याला निदान हेडफोन मिळाला. पडदा खरवडणाऱ्याला काय मिळाले? पुण्यात सिंहगड रस्त्यावर २८ जून २०१५ च्या पहाटे नव्वदच्या आसपास वाहने जाळली गेली. त्यांतली बहुतेक दुचाकी होती, कुणाच्या ऑफिसच्या, कुणाच्या कॉलेजच्या. असे प्रकार पुण्यात पुढेही घडत राहिले, कधी दहशत बसवण्यासाठी, कधी नुसतीच. आपल्या मुलाचा खिळा आणि ती आग यांत फार अंतर आहे, मी दोन्ही एका तराजूत घालत नाही. पण समोर उभ्या वाहनाला मालक आहे, त्याने हप्ते फेडले आहेत, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसत नाही, एवढे दोन्हींत सारखेच.

असो. मी काय केले ते सांगायचे आहे. मी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जा बाळा, मी तुला माफ केलं. पुन्हा करू नकोस." तो गेला. मला फार बरे वाटले. जेवताना मी स्वतःवर खूश होतो.

पुढचे दोन रविवार तो मिस्साला आला नाही. दरम्यान मी आपल्या खजिनदारकाकांना नाव न सांगता एवढेच कळवले, की मुलगा सापडला, मी क्षमा केली, विषय संपला. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही माफ केलं, चांगलं केलं. पण फादर, गाडी तुमची हाय का?"

बंधूंनो, सात-आठ वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर पटकन देता आले नाही. गाडी माझी नाही. कागदोपत्री ती धर्मप्रांताची आहे, आणि खरी तुमची. तिच्यासाठी कुणी महिन्याला पन्नास रुपये दिले, कुणी ज्वारीचे पोते दिले. याच गाडीतून आपण आपल्या माणसांना रात्री-अपरात्री कॅन्सर हॉस्पिटलात नेले, पांगरी-वैरागच्या बाजूला मिस्साला गेलो, हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला गेलो. माझा अपमान झाला असेल तर तो मी सोडून देऊ शकतो. तुमचे साडेआठ हजार मी कुठल्या अधिकाराने सोडले? दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करण्यासारखेच ते झाले.

कायद्याचेही पाहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२४ व्या कलमात दुसऱ्याच्या मालमत्तेची अशी नासधूस येते, आणि नुकसान जितके मोठे तितकी शिक्षा मोठी. नुकसान खासगी व्यक्तीचे असेल तर तडजोड करता येते, पण ती कोणी करायची? ज्याचे नुकसान झाले त्याने. गावातल्या प्रतिष्ठितांनी नव्हे, पाद्र्याने नव्हे. आणि करणारा अठराच्या आतला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मंडळ त्याच्याकडून समाजसेवा करून घेऊ शकते. आपण पोलिसांकडे गेलो नाही, पण त्या तरतुदीतले शहाणपण मला आवडले.

क्षमा आणि भरपाई या दोन गोष्टी मी एकाच घासात गिळल्या होत्या. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात काट्यांना लागलेली आग पसरून कुणाच्या कणसांच्या गंजी जळाल्या, तर आग लावणाऱ्याने भरून द्यावे असा नियम आहे. आपल्या ज्वारीच्या मुलखात तो नियम समजावून सांगावा लागत नाही. ॲरिस्टॉटल न्यायाला रेघेची उपमा देतो. एक रेघ दोन असमान भागांत कापली गेली, तर न्यायाधीश मोठ्या भागातले काढून लहान भागाला जोडतो. संत थॉमस अक्वायनस म्हणतो की घेतलेले परत केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि जिथे तंतोतंत परत करता येत नाही तिथे शक्य तेवढे द्यावे, किती ते एखाद्या सज्जनाने ठरवावे. आणि जक्कय? प्रभू येशू त्याच्या घरी आधी गेला, चौपट परत करतो हे जक्कय नंतर म्हणाला. म्हणजे प्रेम भरपाईची वाट पाहत थांबले नाही. पण जक्कयने चौपट देऊ केले तेव्हा येशू "राहू दे रे" असेही म्हणाला नाही. मी म्हणालो होतो. मुलगा का येत नव्हता हे मला तेव्हा उमगले. मी त्याला काही फेडूच दिले नव्हते. मला तोंड कसे दाखवायचे हा त्याचा प्रश्न होता, आणि त्यातून सुटायची वाट मीच बंद केली होती.

मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, माझ्याकडे पैसे नाहीत, पण पोराला सोडू नका. चाचांच्या गॅरेजात त्याला कामाला ठेवता येईल का विचारले, तर चाचांनी साफ नकार दिला. वय कमी, आणि रंगाची वाफ छातीत जाते. मात्र गाडीचे काम चालू असताना त्यांनी त्याला बाजूला बसवून सगळे दाखवले. पाणी मारून पॉलिश पेपरने घासणे, लांबी भरणे, ती वाळल्यावर पुन्हा घासणे, प्रायमर, रंग, लॅकर. तीन दिवस लागले. "मला चरा मारायला अर्धा मिनिट लागला," असे तो मला परतताना म्हणाला. कौन्सिलने, त्याचे नाव गुप्त ठेवून, ठरवले की सोळा शनिवार त्याने आवारात काम करावे. खजिनदारकाकांनी त्याचा हिशेब वहीत लिहिला. सोळावा शनिवार झाला तेव्हा काकांनी त्याला वही दाखवली आणि त्याच्या देखत पानावर काट मारली. त्या दिवशी तो हसला. माझ्या क्षमेने तो हसला नव्हता. साडेआठ हजारांची पूर्ण भरपाई झाली का? नाही झाली. काकांनाही ते ठाऊक आहे.

मागचे दार उन्हात अजून किंचित वेगळे दिसते. चाचा म्हणतात, तेवढे राहणारच.

पण एक हिशेब त्या वहीत नव्हता. गाड्यावरच्या पोरांचा. कुणाच्या नावाला लावलेला बट्टा हेही नुकसानच, आणि तेही भरून द्यायचे असते, असे आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते. तो चरा मुलाने काढला नव्हता, आपण काढला होता, भर रविवारी, तोंडात ख्रिस्तशरीर घेऊन बाहेर आल्यावर. मुलगा आणि मी दोघे गाड्यावर गेलो. आधी तो बोलला, मग मी. पोरे जरा अवघडली. त्यांतला एक म्हणाला, "आम्ही त्याला बघितलं होतं की फादर, त्याच दिवशी." मी विचारले, मग सांगितले का नाही? तो म्हणाला, "आम्हाला कुणी विचारलंच न्हाई. डायरेक्ट शिव्याच दिल्या." मग त्याने आम्हाला वडापाव दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तरी घेतले नाहीत.

त्या रविवारी तिकडे गेलेल्यांपैकी दोघे नंतर जाऊन बोलून आले. बाकीचे अजून गेलेले नाहीत. गाडा रोज संध्याकाळी पाच ते नऊ चालू असतो.

आपला,
फादर