कोट सोडून खाली का उतरावे?

मंडळीत काम करणाऱ्यास बोल लागल्यावाचून राहत नाही. खजिनदाराने हिशेब वेळेवर मांडला तरी कोणी शंका घेतो. शब्बाथशाळेच्या बाईंनी नाताळच्या कार्यक्रमात एखाद्या मुलाला मोठे काम दिले, की "नात्यातलाच असेल" असे कानी येते. बोल खरा असला तर पश्चात्ताप व सुधारणा हा मार्ग ठरलेला आहे. पण बोल खोटा असला तर आपण काय करावे? नहेम्याच्या पुस्तकाचे पाचवा व सहावा हे दोन अध्याय लागोपाठ वाचले म्हणजे याचा चांगला उलगडा होतो.

पाचव्या अध्यायात गोरगरीब ओरड करतात. शेते व द्राक्षमळे गहाण पडले आहेत, मुलेमुली दास्यात चालली आहेत, आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापला, पण बोलण्यापूर्वी त्याने मनाशी विचार केला. मग त्याने सरदारांना जाब विचारला. आपण व आपले लोकही पैसा व धान्य उसने देत आहोत हे त्याने झाकले नाही. व्याज सोडून देण्याच्या बोलण्यात त्याने स्वतःलाही धरले.

सहाव्या अध्यायात सनबल्लट व त्याचे सोबती त्याला ओनोच्या मैदानात चार वेळा बोलावतात. पाचव्या वेळी उघडे पत्र येते: तू बंड करून राजा होऊ पाहतोस. पत्र उघडे, म्हणजे वाटेत कोणीही वाचावे आणि गावभर बोलबाला व्हावा! नहेम्याने एवढेच कळवले की असे काही घडलेले नाही, हे तुमच्याच मनचे आहे. मग हातांना बळ मिळावे म्हणून त्याने देवाची प्रार्थना केली व काम चालू ठेवले. कोट 52 दिवसांत पुरा झाला.

येथे क्रम ध्यानात घ्यावा. पाचव्या अध्यायात ज्याने गरिबांचे ऐकले, त्यालाच सहाव्या अध्यायात थोडक्यात उत्तर देण्याचा अधिकार आहे. प्रत्येक तक्रारीला 'छळ' म्हणणाऱ्याने नहेम्याचे नाव घेऊ नये.

पुढे शमाया त्याला भीती घालतो: तुला मारायला येत आहेत, मंदिरात लपून बस. नहेम्याने नकार दिला. भिऊन पाप केले असते तर शत्रूंना निंदेला खरेच निमित्त मिळाले असते. खोट्या आरोपाचा मोठा धोका हाच आहे. आरोपाने आपण वाईट ठरत नाही. पण रागाच्या भरात उलट कंड्या पिकवल्या, किंवा रुसून वर्ग सोडला, तर तो दोष मात्र आपला स्वतःचा होतो.

याचा अर्थ नेहमी गप्प बसावे असा नाही. प्रभू येशू पिलातापुढे आरोपांना उत्तर न देता उभा राहिला. पण महायाजकाच्या शिपायाने चपराक मारली तेव्हा, माझे चुकले असेल तर दाखव, असे त्याने विचारले (योहान 18:23). पौलानेही वर्गणी नेताना कोणी दोष लावू नये म्हणून सोबत विश्वासू बंधू घेतले (2 करिंथ 8:20, 21). म्हणून कोणी हिशेब मागितला तर वही उघडावी. "देव जाणतो" हे पावतीचे उत्तर नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर धर्मांतराच्या आरोपाचे वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि सदनही बंद केले नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना केडगावी आसरा मिळाला, तो त्यांच्याच हातून.

तेव्हा बोल लागला की आपण प्रथम वही तपासावी, मग अंतःकरण तपासावे. चूक सापडली तर ती सर्वांसमोर मान्य करावी. न सापडली तर एकदा सौम्यपणे खरे सांगावे आणि पुढच्या रविवारी वर्गाला वेळेवर हजर राहावे. प्रभू आपल्या हातांना बळ देवो.