शत्रूला द्यावयाचा शब्द

युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना अर्धसत्य सांगितले आणि भूमीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथा आपण देवळाच्या सभामंडपात कीर्तनकारांच्या मुखातून अनेकदा ऐकलेली आहे. युद्धात, तेही शत्रूशी, सत्याचे बंधन असते काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्याचा विचार करू लागलो की आम्हांस नूर इनायत खान हिचे चरित्र आठवते.

नूर १९१४ साली मॉस्कोत जन्मली. पण तिच्या घराण्याचे मूळ बडोद्याचे. तिचे वडील, सूफी गायक इनायत खान, १८८२ साली तेथे जन्मले. पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने तेथेच गायनशाळा काढली. पॅरिसजवळ वाढलेल्या नूरने १९३९ मध्ये वीस जातककथा मुलांसाठी इंग्रजीत लिहिल्या. हीच शांत मुलगी जून १९४३ मध्ये ब्रिटनची बिनतारी संदेशवाहक म्हणून, खोटे नाव घेऊन, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिचे सहकारी पकडले गेले. परतण्याची मुभा असूनही ती मागे राहिली. ऑक्टोबरात ती पकडली गेली. नोव्हेंबरात छपरावरून निसटण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा ‘पुन्हा पळणार नाही’ असे वचन तिच्याकडे मागण्यात आले. ते तिने नाकारले. मग साखळदंड घालून तिला जर्मनीतील फोर्त्सहाइमच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ येथे गोळी घालण्यात आली.

आमच्यासारखा वकील तिला म्हणाला असता, ‘बाई, खुशाल सही करा.’ १८७२ च्या करार कायद्यानुसार जबरदस्तीने घेतलेली संमती, ती देणाऱ्याला मोडता येते. शिवाय जी खोट्या नावाने वावरली, तिला खोट्या सहीचे भय कसले?

आम्हांस येथे भेद दिसतो. वेषांतर ही ढाल आहे. ते करणारा शत्रूला ‘माझ्यावर विसंबून राहा’ असे सांगत नाही. वचन देणारा मात्र नेमके तेच सांगतो. वचन पाळावे तर नूरचे कर्तव्य सुटत होते. मोडावे तर शब्द जात होता. दोन्ही राखण्यास एकच वाट उरली होती: वचनच न देणे.

म्हणून ती निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. पाठविलेल्या संदेशांच्या प्रती तिने वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही शत्रूच्या हाती लागली, तिच्या आधारे लंडनची फसवणूक झाली आणि मागाहून उतरलेले हेर प्राणांस मुकले. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला, तरी चरित्रकाराने ही गोष्ट झाकू नये. सत्यनिष्ठा माणसाला सावधगिरीच्या कर्तव्यातून मोकळे करीत नाही.

तरीही एवढे खरे, की युधिष्ठिराच्या अर्धसत्याचे मोल द्रोणाचार्यांनी दिले. नूरच्या नकाराचे मोल तिने स्वतःच्या देहाने दिले. आपल्या सत्याचे मोल कोण देतो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते.