नांव लागलें, बोलावणें आलें नाहीं

सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांत अशीं कित्येक गांवें आहेत कीं, तेथें फौजेंत कोणी न गेलेलें घर शोधावें लागतें. साताऱ्यानजीकच्या अपशिंग्यास तर लोकांनीं 'अपशिंगे मिलिटरी' असेंच नांव दिलें आहे. अशा गांवांत पहाटे रस्त्यानें धांवणारीं मुलें सर्वांच्या दृष्टीस पडतात. परंतु त्यांच्याहून निराळीं, धांवणें संपलेलीं पण अद्याप न गेलेलीं, अशींही कांहीं मुलें तेथें असतात. त्यांची लेखी परीक्षा झाली, १.६ किलोमीटरची धांव झाली, नऊ फुटांचा खंदक ओलांडून झाला, डॉक्टरांनीं तपासलें, निवडीच्या यादींत नांव लागलें. आतां भरती कार्यालयाचें बोलावणें येऊन शिक्षण केंद्राकडे रवानगी व्हावयाची तेवढी उरली आहे. ह्या मधल्या दिवसांत तो मुलगा कोणाचा, असा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

कायद्याच्या दृष्टीनें उत्तर सोपें आहे. १९५० च्या सैन्यविषयक कायद्यानें नांवाची नोंदणी आणि शपथ ह्या दोन निराळ्या गोष्टी मानल्या आहेत. शपथेची कसम परेड तर शिक्षण पुरें झाल्यावर होते. यादींत नांव लागणें हें ह्या दोहोंच्याही अलीकडचें. म्हणजे मुलगा अद्याप शिपाई नाहीं.

पण घर काय करतें? ज्या दिवशीं यादी लागते त्याच दिवसापासून घर त्यास गेलेला समजूं लागतें. रात्रीं वीज आली म्हणजे मोटर चालू करून दारें धरावयास आतां धाकट्यानें जावयाचें. थोरल्यास उठवावयाचें नाहीं, कारण तो 'सरकारचा माणूस' झाला. आई चांगला घांस त्याच्या ताटांत घालते. बाप सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, बहिणीचें लग्न आणि घरावरचा पत्रा ह्यांचा हिशेब त्याच्या पगारावर मांडतो. अग्निपथ योजना २०२२ सालीं निघाली, तेव्हां नोकरी चार वर्षांची ठरली. पहिल्या वर्षीं महिन्यास ३०,००० रुपये, त्यांपैकीं ९,००० सेवानिधींत जाऊन हातीं २१,००० यावयाचे. आणि मुदत संपल्यावर शंभरांपैकीं फार तर पंचवीस जणांस कायम ठेवावयाचें. बापाच्या हिशेबांत ही चार वर्षें बहुधा पंधरा होतात. मुलगा हें सर्व ऐकतो व गप्प बसतो. काम नाहीं म्हणून दिवसभर पारावर असतो. आपल्याच घरीं तो पाहुणा होतो, आणि पाहुण्यास मनांतलें बोलतां येत नाहीं.

गांवाची तऱ्हा याहून मोठी. शाल, नारळ, चौकांत मुलाच्या चेहऱ्याचा फलक. गांवाचें प्रेम खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें अद्याप कांहीं केलें नाहीं त्याचा सत्कार करणें म्हणजे त्याच्या मागचें दार बाहेरून लावून घेणें होय. समजा, त्या आठवड्यांत त्याच्या मनांत भय उभें राहिलें, किंवा आंधळ्या होत चाललेल्या आईस सोडून जाणें बरें नव्हे असें त्यास मनापासून वाटूं लागलें, तर तो तें कोणापाशीं बोलेल? फलकावर त्याचाच चेहरा हंसत असतो.

अनुवादाच्या विसाव्या अध्यायांतील नियम आमच्या वाचकांस ठाऊक आहे. लढाईस निघण्यापूर्वीं अंमलदारांनीं लोकांस विचारावयाचें कीं, नवें घर बांधून त्यांत राहावयास न गेलेला, द्राक्षमळा लावून त्याचें फळ न चाखलेला, मागणी घालून लग्न न केलेला असा कोणी आहे काय? त्यानें घरीं जावें. आणि शेवटीं, ज्याचें मन भ्यालें आहे त्यानेंही जावें. आम्हांस ह्यांत नवल वाटतें तें हें कीं, भित्र्यास तेथें शिक्षा सांगितलेली नाहीं. त्याचें भय भावांस लागूं नये एवढेंच कारण दिलें आहे. त्या कठोर काळींही विचारण्याची एक वेळ राखून ठेविली होती. आमच्या गांवांत ती वेळ बँडबाजानें भरून जाते.

कोणी म्हणेल, दिलेला शब्द मोडण्यास तुम्ही उत्तेजन देतां. तसें नव्हे. त्या जागेसाठीं दुसराही कोणी धांवला होता. म्हणून नाहीं म्हणावयाचें तर लवकर व उघड म्हणावें, रवानगीच्या दिवशीं पळून जाऊं नये. मात्र जो मोकळेपणीं राहूं शकत होता आणि तरी गेला, त्याच्याच जाण्यास आम्ही शब्द पाळणें म्हणूं. लाजेनें ढकललेला मुलगा कोणाचाही शब्द पाळीत नाहीं.

आणि शब्द एकट्या मुलाचाच असतो काय? कोरोनाच्या सांथीच्या वर्षांत भरती थांबली. कित्येक मुलें धांव व तपासणी ह्यांत उतरलीं होतीं. त्यांची लेखी परीक्षा पुनःपुन्हां पुढें गेली. १४ जून २०२२ रोजीं नवी योजना जाहीर झाली आणि जुनी भरती तेथेंच संपली. त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा २३ पर्यंत वाढविली, तरी सर्व पायऱ्या पुनः पहिल्यापासून चढावयाच्या होत्या. १० एप्रिल २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही अशा उमेदवारांस निवडीचा हक्क उत्पन्न झालेला नाहीं असें ठरविलें. कायदा म्हणून तें मान्य करावें. परंतु ज्याच्याकडून दोन वर्षें वाट पाहविली त्याचें आपण कांहींच देणें लागत नाहीं, हें आमच्या मनास पटत नाहीं. निदान वेळेवर खरें सांगणें तरी देणें होतेंच.

आमच्या ओळखीच्या एका घरीं यादी लागून दोन महिने झाले होते. पोरगा पारावर, बाप हिशेबांत. एके रात्रीं वीज आली तेव्हां धाकटा तापानें निजला होता. बाप एकटाच निघाला. आई म्हणाली, "त्याला उठवा की. अजून आपलाच हाय त्यो." बापानें उंबऱ्यांतून हांक मारली. पोरगा जागाच होता. दोघे बांधावर गेले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यांत वळवितांना अंधारांत पोरगा पहिल्यानेंच म्हणाला कीं, मला थोडी भीति वाटते. बापानें फावडें थांबविलें. मग तो म्हणाला, "मला बी वाटती." पहाटेपर्यंत सगळा ऊस भिजला. बोलावणें त्यानंतर तीन आठवड्यांनीं आलें, आणि तो गेला. तोंपर्यंत रात्रीची एकही पाळी त्यानें धाकट्यास करूं दिली नाहीं.