आतले कोणी पाहिले?

जे दिसत नाही त्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? वाचकहो, या जुन्या प्रश्नावर आकाशाचे शास्त्र थोडा प्रकाश टाकते.

प्रचंड तारा स्वतःच्याच भाराने कोसळला की आत अशी जागा उरते, जेथे ठाऊक असलेले नियम चालत नाहीत. तिला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिच्याभोवती प्रकाशालाही बाहेर न सोडणारी सीमा असली, तर ते कृष्णविवर. फिरत्या कृष्णविवराचे गणित रॉय केर यांनी १९६३ साली मांडले. त्याच गणितात वस्तुमानाच्या मानाने फिरणे मर्यादेपलीकडे गेले, तर सीमा नाहीशी होऊन सिंग्युलॅरिटी उघडी पडते. निसर्ग असे होऊ देत नसावा, असा तर्क रॉजर पेनरोझ यांनी १९६९ साली केला. तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

मग दोहोंत फरक ओळखावा कसा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पंकज जोशी व सहकाऱ्यांनी २०१७ साली गणिताने एक खूण दाखविली. फिरता भोवरा जवळ नेला की त्याचा आस डोलतो. कृष्णविवराच्या सीमेपाशी, कोणत्याही दिशेने गेले तरी, हे डोलणे बेसुमार वाढते. उघड्या सिंग्युलॅरिटीपाशी मात्र, तिच्या कड्यालगतची जागा सोडल्यास, ते आटोक्यात राहते.

दुरून दोन्ही सारखीच ओढतात. शेजाऱ्याच्या मनाचा निकाल आम्ही असाच दुरून देतो, आणि आपल्या आवडत्या तर्कालाच साक्ष समजतो. जवळ जाऊन परिणाम पारखावेत. तोवर “ठाऊक नाही” म्हणण्यात कमीपणा कसला?