पौल पायी का गेला?

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर बेहरामकाले नावाचे निवांत गाव आहे. टेकडीवर अथेनेच्या देवळाचे खांब, खाली चिमुकले बंदर, समोर लेस्बोस बेट. प्रेषितांची कृत्ये 20:13 मधील अस्सा ते हेच. आदल्या रात्री त्रोवसात पौल पहाटेपर्यंत बोलत होता. सोबती तारवात बसले. हा मात्र न झोपता पायी निघाला. वाट सुमारे 50 किलोमीटरची! कारण लूक सांगत नाही. मला वाटते, यरुशलेमेतील बंधने पुढे दिसत होती, आणि प्रभूशी एकांतात बोलायचे राहिले होते. शब्बाथशाळेचे धडे, सभा, भेटी यांत आपलेही तेच राहते ना? अस्सात तो तारवात चढला. समोरच्याच बेटावरील मितुलेनेकडे सारे निघाले.